ट्रेलरमध्ये छोटा इन्व्हर्टर बसवताना अर्थिंग कुठे द्यायचं?

सोलापूरहून पंढरपूर-अक्कलकोटला न्यायच्या ट्रेलरमध्ये 12 व्होल्टचा 1000 वॅटचा इन्व्हर्टर बसवायचाय, पण रबरी टायरवरच्या गाडीला अर्थिंग कसं द्यायचं, असं तुम्ही विचारलंय.

जमिनीत सळई ठोकायच्या मागे लागू नका. उन्हाळ्यात आपली काळी माती भेगाळून कोरडी ठाक पडते, तिचा भरवसा नाही. इथे अर्थ म्हणजे ट्रेलरची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा. इन्व्हर्टरच्या बॉडीवरच्या अर्थ स्क्रूपासून हिरवी-पिवळी वायर चासीला न्या, सॉकेटची अर्थ पिनही तिथेच. जोडायच्या जागी रंग खरवडून लोखंड चकचकीत दिसू द्या, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळा, वरून ग्रीस. रंगावर आवळलेला बोल्ट फक्त दिसायला जोडलेला असतो.

न्यूट्रल-अर्थचा जोड, म्हणजे इन्व्हर्टरच्या आउटपुटची न्यूट्रल वायर अर्थला जोडणं, मात्र मॅन्युअल वाचूनच करा. मॉडिफाइड साइन वेव्हचे (पायऱ्यापायऱ्यांची लाट देणारे) बरेच इन्व्हर्टर त्याने जळतात. प्युअर साइन वेव्ह (घरच्या लाइनसारखी गुळगुळीत लाट) असेल आणि कंपनी परवानगी देत असेल, तर जोड एकाच ठिकाणी, इन्व्हर्टरच्या बाजूला करा आणि पुढे 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच) लावा. जोड नसेल तर ती आरसीसीबी नुसती शोभेची. बाहेरच्या विजेच्या लाइनला गाडी जोडली की हा जोड सुटलाच पाहिजे, म्हणून फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर स्विच घ्या.

पूर्ण लोडवर बॅटरीतून 100 अँपिअरच्या आसपास करंट जातो. किमान 25 स्क्वेअर एमएम तांब्याची वायर, लांबी मीटरभर, आणि बॅटरीच्या प्लसलगत 125 अँपिअरचा फ्यूज. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना ठिणगीने पेटणारा हायड्रोजन सोडते; तिच्या डोक्यावर इन्व्हर्टर नको, पेटीला बाहेर उघडणारी जाळी हवीच.