रोज वापरायला पहिलं चांगलं घड्याळ घ्यायचंय, काय बघावं?

डायलच्या आकाराआधी पट्टा अडकतो त्या वरच्या आणि खालच्या टोकांमधलं अंतर बघा. ते मनगटाच्या रुंदीबाहेर जात असेल, तर ३८ मिमीचं घड्याळही हातावर मोठंच दिसतं. जाडी १२ मिमीच्या आत असावी, नाहीतर शर्टाच्या कफात अडकतं.

काच सफायरचीच (कृत्रिम नीलमाची, खूप कठीण) घ्या, इथे पैसे वाचवू नका. मिनरल, म्हणजे साध्या कडक केलेल्या काचेवर चरे पडतातच. सफायरवर सहसा पडत नाहीत, पण जोरात आपटली तर ती तडकू शकते.

पाण्यापासून संरक्षणासाठी घड्याळावर लिहिलेलं '३० मीटर' म्हणजे फक्त हात धुताना उडणारं पाणी. पोहायचं असेल तर १०० मीटर हवं.

वेळ बिनचूक हवी आणि कटकट नको, तर क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवर चालणारं. साधं ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं) दिवसाला १०-२० सेकंद मागेपुढे होतं, दोन दिवस काढून ठेवलं तर बहुतेक थांबतं आणि साधारण ५-७ वर्षांनी सर्व्हिसिंग मागतं. तरी यंत्राची आवड असेल तर तेच घ्या. फक्त रात्री ९ ते ३ च्या दरम्यान काटे असताना तारीख हाताने बदलू नका. तेव्हा तारखेची चाकं एकमेकांत गुंतलेली असतात आणि दाता तुटू शकतो. आधी काटे सहाच्या आसपास आणा, मग तारीख लावा.