आरक्षण नाही, पण प्रभाग रचना आहे

तुमचा प्रश्न असा की, आपल्याकडे पंचायतीत बायकांना ५० टक्के जागा राखीव आहेत. अमेरिकेत तसं काहीच नसताना कृष्णवर्णीय बायका पालिकेत आणि राज्याच्या विधिमंडळात पोचतात कशा?

मी आधी मतदारसंघांचा नकाशा बघा म्हणेन. टेक्सासच्या कृष्णवर्णीय नेत्या बार्बरा जॉर्डन घ्या. ह्यूस्टनमध्ये आईवडिलांच्या घरी, जेवणाच्या टेबलावर कागद मांडून त्यांनी वकिली सुरू केली. १९६० मध्ये केनेडींच्या प्रचारात पाकिटं चिकटवण्यापासून सुरुवात, मग गल्लीगल्लीत माणसं नेमून मतदार बाहेर काढणं. १९६२ मध्ये टेक्सासच्या कनिष्ठ सभागृहासाठी उभ्या राहिल्या, पडल्या. १९६४ मध्ये परत पडल्या. कारण मतं अख्ख्या हॅरिस काउंटीतून, म्हणजे ह्यूस्टनच्या सगळ्या जिल्ह्यातून घ्यायची होती. स्वतःच्या वस्तीत भरभरून पडलेली मतं त्या गर्दीत बुडायची. (चार नगरसेवकांच्या प्रभागात एका पेठेतल्या अपक्षाचं काय होतं, हे पुणेकरांना सांगायला नको.) त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांचे मतदारसंघ लोकसंख्येने सारखे हवेत, असा निकाल दिला. नव्याने आखणी झाली आणि १९६६ मध्ये जॉर्डन थेट राज्याच्या सिनेटवर, म्हणजे वरिष्ठ सभागृहात गेल्या. १८८३ नंतर तिथे कृष्णवर्णीय सदस्य नव्हताच.

अर्थात नकाशा अनुकूल नसतानाही कुणी निवडून येतंच. राज्य विधिमंडळावर निवडून आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री क्रिस्टल बर्ड फॉसेट, फिलाडेल्फिया, १९३८. मतदारसंघात गोरे जास्त. बाईंनी प्रचाराचा मोठा भाग फोनवरून केला. फोनवर रंग दिसत नाही, हा आपला माझा तर्क.

गावपातळीवर मला युनिटा ब्लॅकवेल आवडतात. मिसिसिपीतल्या कापसाच्या शेतात राबलेल्या, मतदार नोंदणीच्या चळवळीत उतरलेल्या, १९७६ मध्ये मेयर्सव्हिलच्या महापौर झाल्या. तिथे प्रश्न आपल्या सरपंचाचेच: नळाचं पाणी, गटार, रस्ता.

पैशाचं कुणी फारसं बोलत नाही. टेक्सासच्या आमदाराचा पगार महिन्याला ६०० डॉलर आहे. अधिवेशनाचे दिवस वेगळा भत्ता मिळतो, पण घर चालवायला दुसरं उत्पन्न लागतंच, आणि तेही महिनोन्‌महिने सोडून जाता येईल असं. एकट्या कमावत्या बाईने काय करावं?

गव्हर्नरपदावर मात्र २०२५ पर्यंत एकही कृष्णवर्णीय स्त्री निवडून आलेली नाही. २०१८ मध्ये जॉर्जियात स्टेसी एब्रॅम्स सुमारे ५५ हजार मतांनी हरल्या. राज्यभराचा एकच मतदारसंघ, म्हणजे पुन्हा १९६२ ची हॅरिस काउंटी. फक्त राज्याच्या सीमा कुणी नव्याने आखून देत नाही.