पाळणाघर दिलं म्हणून मत द्यायचं का?

प्रश्न : आमच्या गावात सरपंचपदाची निवडणूक आहे. दोन वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीनं पाळणाघर सुरू केलं. तिथल्या बाईचं मानधन पंचायतच देते. माझी सून दीड वर्षाचं लेकरू तिथं ठेवून कापूस वेचायला जाते. आता एका उमेदवाराची माणसं घरी येऊन म्हणतात, 'मत दुसरीकडं गेलं तर पाळणाघर बंद होईल.' सून घाबरली आहे. काय करावं?
— एक सासू, केज तालुका

उत्तर : मावशी, ते पाळणाघर कुणाच्या खिशातून चालत नाही. ग्रामपंचायतीला उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करावेच लागतात. त्या उत्पन्नात तुम्ही भरलेली घरपट्टी आहे. मतासाठी धमकावणं हा गुन्हा आहे. तहसीलदारांकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. सुनेनं बटण कोणतं दाबलं हे कुणाला कळत नाही, हेही तिला सांगा.

मी बीड जिल्ह्यात अंगणवाडी पर्यवेक्षिका होते, म्हणून तिची भीती मला कळते. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची लेकरं बसतात, तीही काही तासच. तीनच्या आतल्याला घरी शिधा मिळतो, पण सांभाळणार कोण? ते मोठ्या बहिणीच्या कडेवर जातं आणि तिची शाळा बुडते. ऊसतोडीवर तर फडाच्या कडेला झोळीत झोपवलेली तान्ही लेकरं मी पाहिली आहेत. आई हाकेच्या अंतरावर मोळ्या बांधत असते. केंद्राची 'पाळणा' योजना सहा महिन्यांपासूनच्या लेकरांसाठी आहे, ती याचसाठी.

पाळणाघर दिलं की बायकांची मतं हुकमी, असं पुढाऱ्यांना वाटतं. माझा अनुभव निराळा आहे. एका गावात महिला सभेला म्हाताऱ्याच यायच्या. पाळणाघर झाल्यावर तरण्या सुना यायला लागल्या, आणि एकीनं उभं राहून विचारलं, 'झोळीची दोरी तुटून महिना झाला, दुरुस्तीचे पैसे कुठं गेले?' सरपंचांना ते रुचलं नाही. मला मात्र त्या पोरीचा फार अभिमान वाटला.

काम चांगलं केलं असेल तर सुनेनं त्याच उमेदवाराला खुशाल मत द्यावं. पण दारात येईल त्या प्रत्येकाला आधी विचारावं, पाळणाघर उघडणार किती वाजता? वेचणीची बाई सातला वावराची वाट धरते. दहाला उघडलेलं दार तिच्या काय कामाचं?