कोकणातली कातळशिल्पं खरंच २० हजार वर्षांपूर्वीची आहेत का? मग इतकी वर्षं ती कुणालाच कशी दिसली नाहीत?

तुम्ही दोन प्रश्न एकात विचारलेत, त्यातल्या दुसऱ्याचं आधी सांगतो कारण खरी गंमत त्यात आहे.

कुणालाच दिसली नाहीत असं नाहीये हो. ज्यांना दिसत होती त्यांना कुणी विचारलं नव्हतं, एवढंच. आमच्या रत्नागिरी-राजापूरकडे सड्यावर (जांभ्या दगडाच्या उघड्या, सपाट माळावर) जातं कोण? गुरं चरायला नेणारे, गवत कापायला जाणारे, आणि शॉर्टकट म्हणून पलीकडच्या वाडीत जाणारे. त्यांना माहीत असायचं की अमुक ठिकाणी कातळावर माणूस कोरलाय, तमुक ठिकाणी मासा आहे. कुणी कोरलं विचारलं की उत्तर ठरलेलं, पांडवांनी, एका रात्रीत. (कोकणात ज्याचा कर्ता सापडत नाही ते सगळं पांडवांनी केलेलं असतं, विहिरीपासून लेण्यांपर्यंत.) मालवण तालुक्यात कुडोपीला तर त्या जागेला नावच बाहुल्यांचं टेंब. म्हणजे गावाने बघितलं होतं, नावही ठेवलं होतं. गोव्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळला जी चित्रं आहेत, तिथेही गावातले लोक सांगायचे की ही जुन्या गुराख्यांनी कोरलीत, आणि १९९३ च्या सुमारास अभ्यासकांच्या नजरेस ती आली तीसुद्धा गावातल्यांमुळेच.

अर्थात सगळीच काही उघडी नव्हती. बरीच चित्रं मातीखाली, गवताखाली गेलेली, त्यामुळे कित्येक गावांत म्हाताऱ्या माणसांनाही पत्ता नव्हता.

रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि प्रा. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी २०१२ च्या आसपास हे काम नेटाने हातात घेतलं. त्याआधी निवळी, देवी हसोळ अशा मोजक्या जागांच्या नोंदी झाल्या होत्या, पण सडेच्या सडे पायाखाली घालायचे असं कुणी ठरवलं नव्हतं. यांची पद्धत मला जाम आवडते. गावात जायचं, पारावर बसायचं, गुराख्याला विचारायचं. लोक फोटो पाठवायला लागले. शाळांमधल्या पोरांना कामाला लावलं, घरी जाऊन आजी-आजोबांना विचारा म्हणून. आता विचार करा, दिल्ली-पुण्याहून आलेला कुठला तज्ज्ञ जीप घेऊन फिरला असता तर त्याला हे मिळालं असतं का? सडा लांबून बघितला तर नुसता काळा-करडा ओसाड माळ, त्यात कुठे थांबायचं हे सांगायला तिथलाच माणूस लागतो. पुढे राज्याच्या पुरातत्त्व विभागाने, तेव्हा डॉ. तेजस गर्गे संचालक होते, यात लक्ष घातलं, मग २०१८ मध्ये बीबीसीवर बातमी आली आणि रातोरात सगळ्या जगाला कोकण आठवलं. आज दीड हजाराच्या वर चित्रांची नोंद आहे.

आणि समोर असून न दिसण्याचं आणखी एक साधं कारण आहे. हे दगडात खोलवर कोरलेलं, उठावदार काम नाही. जांभ्याच्या पृष्ठभागावर काही सेंटिमीटर खोल चर मारून काढलेली रेघ, कधी आतला सगळा भागच खरवडून काढलेला. त्या चरात माती बसते, मातीत गवत उगवतं, गवत वाळून काळं पडतं. भर दुपारी ऊन डोक्यावर असताना तुम्ही चित्रावर उभे असलात तरी कळणार नाही. सकाळी किंवा संध्याकाळी उन्हं तिरपी झाली की चराच्या एका काठाची सावली पडते आणि एकदम पाय दिसतो, मग पोट, मग शेपूट. त्यात काही चित्रं इतकी मोठी आहेत की उभं राहून पूर्ण दिसतच नाहीत. कशेळीचा हत्ती साधारण १८ मीटर बाय १३ मीटर आहे आणि त्याच्या पोटात नि आजूबाजूला बाकीचे प्राणी भरलेत. हत्ती आहे हे कळायला ड्रोन नाहीतर शिडी पाहिजे. कशेळीच्या कनकादित्य मंदिरात वर्षानुवर्षं जाणाऱ्या लोकांना गावात एवढा हत्ती आहे याचा पत्ता नव्हता.

आता २० हजाराचं.

हा आकडा बातम्यांत फिरतो, यूट्यूबवर तर ४० हजार, ५० हजार, एलियन, काय वाट्टेल ते. आधी हे समजून घ्या की चर म्हणजे नुसती रिकामी जागा. कार्बन डेटिंगला कधीतरी जिवंत असलेलं काहीतरी लागतं, लाकूड, हाड, कोळसा. इथे रंग नाही, राख नाही, काही नाही. भीमबेटकासारख्या ठिकाणी निदान गुहेच्या जमिनीत थरावर थर साचलेले असतात, खोदलं की कुठल्या थरात कुठली हत्यारं हे कळतं. सड्यावर खोदणार काय? वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, सगळं धुऊन खाली जातं, उरतो उघडा कातळ. म्हणून तर सिंधुदुर्गात कोळोशीच्या गुहेत दगडी हत्यारं मिळाली तेव्हा अभ्यासकांना आनंद झाला, कारण तिथे थर आहेत. पण तिथला माणूस आणि सड्यावर चित्र काढणारा माणूस एकच, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

मग काळ ठरवतात तो चित्रांत काय आहे आणि काय नाही यावरून. गर्ग्यांचं म्हणणं असं होतं की प्राणी आहेत, मासे आहेत, पण शेतीचं एकही दृश्य नाही, म्हणजे हे शिकारीवर जगणाऱ्या माणसांचं काम, अंदाजे इसवी सनापूर्वी १० हजार. मला हा तर्क पटतो पण अर्धाच. शेती येत असूनही चित्रं फक्त जनावरांचीच काढणारी माणसं असू शकतात ना.

दुसरा मुद्दा गेंड्याचा. कोकणात आज गेंडा नाही, चित्रात आहे, म्हणून चित्र फार जुनं, असं लोक ठोकून देतात. पण गेंडा पश्चिम भारतातून इतक्या लवकर गेलाच नाही. गुजरातेत लांघणजला पुरातत्त्वज्ञ सांकलियांच्या उत्खननात गेंड्याचं खांद्याचं हाड सापडलं, त्यावर ठेवून दगडाची बारीक हत्यारं घडवल्याच्या खुणा होत्या. हडप्पाच्या मुद्रांवर गेंडा आहे. आणि बाबर तर पेशावरकडे गेंड्याची शिकार करत होता, सोळाव्या शतकात! म्हणजे फक्त गेंडा बघून १० हजार वर्षं म्हणता येत नाही. काही चित्रांत पाणघोडा दिसतो म्हणतात, त्या मुद्द्याला जास्त वजन आहे, कारण पाणघोडा भारतात होता याचे पुरावे नर्मदा-गोदावरीच्या खोऱ्यातल्या फार जुन्या जीवाश्मांत आहेत आणि तो केव्हाच संपला. फक्त ते चित्र नक्की पाणघोड्याचंच आहे का, हा वाद आहेच.

त्यात सगळी चित्रं एका काळातली नसावीत असं मला बघून वाटतं. कशेळीचे प्राणी वेगळे, देवी हसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळचा नक्षीचा मोठा चौकोन वेगळा, बारसूला दोन वाघांच्या मध्ये उभा असलेला माणूस त्याहून वेगळा. त्या बारसूच्या माणसावरून काही जणांना सिंधू संस्कृतीची मुद्रा आठवते, तसं असेल तर काळ एकदम अलीकडे येतो. म्हणून कुणी छातीठोक एकच आकडा सांगितला की मी तो व्हिडिओ बंद करतो. "जुनी असण्याची दाट शक्यता, काही बहुधा मध्याश्मयुगातली (दगडाची बारीक हत्यारं वापरणाऱ्या शिकारी माणसांच्या काळातली)" इथपर्यंत म्हणा, तेवढं पुरे.

आणखी एक गैरसमज, ही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाहीत अजून. २०२२ मध्ये तात्पुरत्या यादीत ९ ठिकाणं गेली, रत्नागिरी जिल्ह्यातली ७ (उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवी हसोळ, बारसू, देवाचे गोठणे), सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं ते कुशावती नदीकाठचं. तात्पुरती यादी म्हणजे उमेदवारी अर्ज, निकाल नव्हे. तोवर धोका रोजचाच आहे. चिरेखाण (बांधकामासाठी जांभ्याचे चिरे काढायची खाण) लागली की सडाच उचलून ट्रकमध्ये जातो, कलमं लावायला सुरुंग लागतात, रस्ता रुंद होतो. २०२३ मध्ये बारसूला रिफायनरीच्या माती परीक्षणावरून आंदोलन पेटलं तेव्हा निदान कातळशिल्पं हा शब्द विधानसभेपासून चहाच्या टपरीपर्यंत पोचला. जमीन बहुतेक ठिकाणी खाजगी मालकीची आहे हे विसरू नका, मालकाला यातून काही मिळणार नसेल तर तो चिरे का काढणार नाही? नुसतं "वारसा जपा" म्हणून त्याचं घर चालत नाही.

बघायला जाणार असाल तर पहिल्यांदा उक्षीला जा. कोकण रेल्वेचं स्टेशन आहे, आणि तिथल्या गावकऱ्यांनी स्वतः पुढाकार घेऊन तिथल्या हत्तीच्या चित्राभोवती गोल भिंत घातलीय, वर उभं राहून बघता येतं. फोटोत उठून दिसावं म्हणून चरात खडू किंवा चुना भरणारे महाभाग भेटतील, त्यांच्यातले होऊ नका, हवं तर बाटलीतलं थोडं पाणी शिंपडा, ओल्या कातळावर रेघ छान दिसते. चपला घालून चित्रावर चालू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवत असतं, जानेवारी-फेब्रुवारी बरा, सकाळी आठच्या आत पोचा. आणि गावात एखाद्या काकांना सोबत घ्या, गुगल मॅपचा पिन सड्यावर दोनशे मीटर इकडेतिकडे नेतो आणि तिथे विचारायला चिटपाखरू नसतं.