कायद्याचा सल्ला : जोडीदार अमेरिकेची, पत्ता पुण्याचा

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करणारी 31 वर्षांची स्त्री आहे. माझी जोडीदार अमेरिकन नागरिक आहे आणि गेली चार वर्षे आम्ही रजा जोडून, कधी इथे तर कधी बँकॉकला, भेटत आलो आहोत. आता एकत्र राहायचे आहे. पुण्यात नोंदणी विवाह करून पत्नी म्हणून व्हिसा मागता येईल का? एका परिचितांनी पर्यटक व्हिसावर जाऊन तिकडेच लग्न उरकून घे, असे सुचवले आहे. पुढे आईवडील थकले, तर आम्हा दोघींना पुण्यात राहता येईल का? घरी तिची ओळख ‘ऑफिसातली मैत्रीण’ एवढीच आहे.
– एक वाचक, पुणे

उत्तर : पुण्यात आपला विवाह आज नोंदवला जाणार नाही. समलिंगी संबंध 2018 पासून गुन्हा राहिलेला नाही. परंतु 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली अशा जोडप्यांना विवाहाचा हक्क देण्यास सर्वोच्च न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023 रोजी नकार दिला आणि जानेवारी 2025 मध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या.

मात्र अमेरिकेचा व्हिसा त्यावाचून अडत नाही. तिथेही 1996 च्या कायद्याने विवाह म्हणजे स्त्री-पुरुषांचाच, अशी व्याख्या केली होती. ती 26 जून 2013 रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवली आणि तेव्हापासून आपल्यासारख्या जोडप्यांचे अर्ज इतरांच्याच निकषांवर तपासले जातात. विवाह जिथे झाला तिथे तो वैध आहे का, एवढे प्रथम पाहिले जाते. त्यामुळे 23 जानेवारी 2025 पासून समलिंगी विवाह मान्य करणाऱ्या थायलंडसारख्या देशात विवाह करून पत्नी म्हणून अर्ज करणे हा एक मार्ग आहे. दुसरा मार्ग के-1 या वाग्दत्त व्हिसाचा. त्यासाठी जोडीदाराने अर्ज करण्यापूर्वीच्या दोन वर्षांत आपली प्रत्यक्ष भेट झालेली असावी लागते आणि अमेरिकेत पोहोचल्यावर 90 दिवसांच्या आत विवाह करावा लागतो. परिचितांचा सल्ला मात्र मुळीच मानू नका. तिथेच राहण्याचा हेतू लपवून पर्यटक व्हिसा घेतल्याचे ठरले, तर कायमची प्रवेशबंदी ओढवू शकते.

खरी अडचण पुराव्यांची आहे, आणि ती आपल्या पत्राच्या शेवटच्या वाक्यात दडलेली आहे. लग्नपत्रिका, हॉलमधले फोटो, दोन्हीकडच्या नातेवाइकांची पंगत, हे सारे इतर जोडप्यांच्या फायलीत आपोआप येऊन पडते. लपवून ठेवलेल्या नात्याच्या मागे मात्र कागद उरत नाही. उलट तो आपणच फाडून टाकलेला असतो. म्हणून पासपोर्टवरचे शिक्के, बोर्डिंग पास, दोघींच्या नावाने घेतलेल्या खोलीची बिले, वर्षावर्षांचे निवडक संदेश आणि ज्यांना हे नाते ठाऊक आहे अशा एकदोन मित्रमैत्रिणींची प्रतिज्ञापत्रे आजपासूनच गोळा करा. आईवडिलांची संमती कायदा मागत नाही. परंतु घरच्यांना का सांगितले नाही, असे मुलाखतीत विचारले गेले, तर खरे तेच सांगा. भीती वाटली हे उत्तर अधिकाऱ्यांना नवीन नसते. जन्मदाखला मराठीत असल्यास त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे लागेल.

परतीचा प्रश्न अधिक बिकट आहे. भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला, विवाह नोंदवलेला असून तो दोन वर्षे टिकलेला असल्यास, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकाला भारतात दीर्घकाळ राहू देणारे कार्ड) मिळू शकते. कायद्यातील ‘स्पाऊझ’ (विवाहाचा जोडीदार) हा शब्द स्त्री-पुरुष असा भेद करत नाही, या मुद्द्यावर दिल्ली उच्च न्यायालयात याचिका झाली. परंतु केंद्र सरकारने असे विवाह मानण्यास विरोधच केला आहे. तूर्तास आपल्या जोडीदाराला पुण्यात राहायचे, तर स्वतःच्या नोकरीचा किंवा शिक्षणाचा व्हिसा घ्यावा लागेल. पर्यटक व्हिसावर अमेरिकन नागरिकाला एका खेपेस सलग 180 दिवसांपर्यंतच राहता येते.

आपल्यासाठीही एक पेच आहे. ग्रीन कार्ड घेऊन आईवडिलांपाशी वर्षभराहून अधिक काळ राहिलात, तर ते धोक्यात येते. त्यासाठी निघण्यापूर्वी पुनर्प्रवेशाचा परवाना घ्यावा. अमेरिकन नागरिकत्व घेतलेत, तर भारतीय पासपोर्ट सोडावा लागेल. मग आपल्याला स्वतःला ओसीआय कार्ड मिळेल, जोडीदाराला मात्र तेव्हाही नाही.