व्याख्या पाठ आहेत, पण विचारसरणी उमगत नाहीत

प्रिय विद्यार्थिनी,

उदारमतवाद, समाजवाद, साम्यवाद यांच्या व्याख्या पाठ असूनही उत्तरपत्रिकेत त्यांची सरमिसळ होते, तेव्हा बी.ए.नंतर राज्यशास्त्रात एम.ए. करून लोकसेवा आयोगाची तयारी करावी की विषयच बदलावा, असे तू निफाडहून विचारले आहेस. विषय बदलू नकोस. तू उत्तरे पाठ केलीस. ती कोणत्या भांडणातून निघाली, तेवढे पाहायचे राहिले आहे.

इंग्लंडचा धान्य कायदा घे. गव्हाचा भाव क्वार्टरला (धान्याचे जुने इंग्रजी माप) ८० शिलिंगांवर जाईपर्यंत परदेशी गहू बाजारात येऊ द्यायचा नाही, असे १८१५ साली संसदेने ठरवले. त्यामुळे जमीनदारांचा खंड, म्हणजे जमिनीचे भाडे, शाबूत राहिला आणि गिरणी कामगाराचा पाव महागला. खंड वाढतो तसा उद्योजकाचा नफा घटतो, अशी मांडणी अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोने १८१७ मध्ये केली, तर मँचेस्टरच्या गिरणीमालकांनी उद्योजक कॉब्डेनच्या नेतृत्वाखाली खुल्या व्यापाराची उदारमतवादी चळवळ उभारली. अखेर आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडाल्यावर, जमीनदारांचाच आधार असलेल्या हुजूर पक्षाचे पंतप्रधान पील यांनी १८४६ मध्ये तो कायदा रद्द केला, आणि त्यात त्यांचा पक्ष फुटला व पदही गेले.

त्याच मँचेस्टरमध्ये, वडिलांची भागीदारी असलेल्या कापडगिरणीच्या कचेरीत काम करताना, मार्क्सचा सहकारी एंगल्स याने कामगारांच्या वस्त्या पाहिल्या. खुल्या व्यापारातले स्वातंत्र्य भांडवलाचे आहे, कामगाराचे नव्हे, हे साम्यवादाचा प्रणेता मार्क्सने १८४८ च्या जानेवारीत ब्रुसेल्समध्ये सांगितले. जर्मनीचा अर्थशास्त्रज्ञ फ्रेडरिक लिस्ट याचा आक्षेप निराळाच होता: बाल्यावस्थेतल्या उद्योगांना संरक्षण हवे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात, इंग्लंडचे अर्थशास्त्रीय सिद्धांत भारताला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, हे मांडताना लिस्टचाच आधार घेतला होता.

हे भांडण तुझ्या घराजवळही आहे. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली, तेव्हा लासलगावच्या शेतकऱ्याचे म्हणणे तू ऐकले असशील. इंग्लंडमध्ये भाव चढा ठेवण्यासाठी आयात अडवली होती, इथे भाव उतरवण्यासाठी निर्यात अडवली. शेतमालाच्या भावाची झळ कोणी सोसायची, हा प्रश्न मात्र तोच.

आता पुढच्या वाटेविषयी. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरात या विचारसरणी आहेतच, शिवाय राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा ५०० गुणांचा वैकल्पिक विषय घेता येतो. तरीही केवळ आयोगावर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एम.ए. करतानाच नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा द्यावी, आणि आर्थिक बाजू अधिक भावली तर पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या अभ्यासक्रमांची चौकशी करावी.

या आठवड्यात एका पानावर १८४६ च्या त्या निर्णयाविषयी जमीनदार, गिरणीमालक, कामगार आणि लिस्ट यांचे म्हणणे प्रत्येकी चार ओळींत, व्याख्या न वापरता लिही आणि ते पान मला पाठव.