वही उघडण्याआधी

प्रिय मैत्रिणी,

निर्वासितांच्या छावणीत जबान्या नोंदवायला तू निघाली आहेस. पत्रात विचारलंस, ‘या बायकांना बोलतं कसं करायचं?’ मला आधी वेगळंच विचारावंसं वाटतं: ती बोललीच, तर त्यानंतर तिचं काय होणार, हे तुला ठाऊक आहे का?

तुझ्यासमोरच्या बाईवर कालपरवाच अत्याचार झाला असेल, तर वही मिटून ठेव. एचआयव्हीची लागण टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. गर्भधारणा टाळणारी गोळी १२० तासांपर्यंत देता येते, पण जितकी लवकर तितकी बरी. जवळचा दवाखाना कुठला, तिथे ही औषधं आज शिल्लक आहेत का, रात्री तिथे कोण असतं, हे तुला पाठ हवं. त्याशिवाय कुणालाही काहीही विचारू नकोस.

याचा अर्थ गप्प राहायचं असा मात्र नाही. १९९४ च्या वंशसंहारानंतर रवांडासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे ताबा नावाच्या भागाचा माजी नगरप्रमुख जाँ-पॉल अकायेसू याचा खटला उभा राहिला, तेव्हा आरोपपत्रात लैंगिक हिंसेचा एकही आरोप नव्हता. जानेवारी १९९७ मध्ये सुनावणी सुरू झाली आणि साक्ष देता देता एका आईनं आपल्या सहा वर्षांच्या मुलीवर झालेल्या बलात्काराबद्दल सांगितलं. न्यायाधीशांनी ते ओघात सोडून दिलं नाही, पुढचे प्रश्न विचारले. न्यायाधीश नवी पिल्लै या त्या पीठावरच्या एकमेव महिला होत्या. पुढे आणखी साक्षी आल्या, जूनमध्ये आरोपपत्र दुरुस्त झालं आणि २ सप्टेंबर १९९८ च्या निकालात, बलात्कार हेही वंशसंहाराचं कृत्य ठरू शकतं, असं एखाद्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं पहिल्यांदा म्हटलं. हा निकाल मुळातून वाच. तिथे कुणी पुढचा प्रश्न विचारलाच नसता, तर केवढं कागदावर आलं नसतं!

पण तोच प्रश्न पाच जणांनी पाच वेळा विचारला की वेगळं संकट उभं राहतं. तिला तो प्रसंग पुन्हा पुन्हा जगावा लागतो. शिवाय प्रत्येक वेळी तपशील थोडे बदलतात. घाबरलेल्या माणसाची आठवण अशीच असते. तारीख निसटते, सैनिकाच्या बुटांचा वास मात्र लख्ख आठवतो. पुढे ती आश्रय मागायला जाते, तेव्हा अर्ज तपासणारा अधिकारी त्याच फरकावर बोट ठेवतो. तिची बाजू आधीच अवघड असते. निर्वासित कुणाला मानायचं हे ठरवणाऱ्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारात छळाची पाच कारणं आहेत: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट आणि राजकीय मत. त्यात लिंग नाही. त्यामुळे अनेकदा वकिलाला तिचं म्हणणं ‘सामाजिक गटा’त बसवावं लागतं, आणि अशा वेळी तू घाईनं अंदाजे लिहिलेली एक तारीख तिच्यावर उलटू शकते. म्हणून तिची जबानी आधी कुणी घेतली आहे का, ते विचार. घेतली असेल आणि तुझ्या नोंदीनं तिला नवा काही उपयोग नसेल, तर सरळ परत ये. तारीख तिला सांगता येत नसेल, तर पेरणी झाली होती का, धाकटं मूल तेव्हा चालत होतं का, एवढंच विचार आणि ती सांगेल तसंच लिही.

दुभाष्याकडे फार लक्ष दे. तो तिच्याच गावचा, नवऱ्याच्या नात्यातला निघाला तर ती ‘मारहाण झाली’ म्हणून थांबेल. पुरुषांच्या बाबतीतही हेच. कोठडीत त्यांच्यावर झालेला लैंगिक अत्याचार ते बहुधा मारहाण म्हणूनच सांगतात, आणि विचारणाऱ्यालाही ती शंका येत नाही.

हिंसा सीमेपलीकडेच राहिली असंही समजू नकोस. सुदानमधल्या दारफुरमध्ये छावणीतल्या बायका सरपणासाठी बाहेर पडत आणि वाटेत त्यांच्यावर हल्ले होत. पुरुष गेले तर मारले जातील, म्हणून बायकाच जात. तेव्हा संध्याकाळी छावणीत एक फेरी मार. संडासांना आतून कडी आहे का? वाटेवर दिवा आहे का? एका संडासामागे माणसं किती? वीसच्या वर नसावीत, असं मदतकार्याची मानकं सांगतात. पन्नास जबान्यांपेक्षा एक कडी बसवून घेणं मला मोलाचं वाटतं.

निघण्याआधी तुझी प्रश्नावली मला पाठव. ‘प्रतिकार का केला नाहीस?’ आणि ‘याआधी कुणाशी संबंध होते का?’ असं काही त्यात असेल, तर आत्ताच खोड. माजी युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठीच्या न्यायाधिकरणाच्या नियम ९६ नुसार पीडितेचे आधीचे लैंगिक संबंध पुराव्यात आणता येत नव्हते, आणि तिच्या साक्षीला दुजोऱ्याचीही सक्ती नव्हती. जे न्यायालयानं विचारलं नाही, ते तू तंबूत बसून विचारायचं कारण नाही.

तुझी,
ताई